आग्या मोहोळ, अ‍ॅविल आणि रात्री परत उठलेलं पित्त

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रविवारी गडावर भावाला आग्या मोहोळाच्या माश्या चावल्या, दहा-पंधरा मिनिटांत अंगभर पित्त उठलं, दोन उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, पायथ्याच्या गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅविल (अ‍ॅलर्जीवरचं औषध) आणि डेक्सोना (स्टिरॉइड) दिलं, बरं वाटलं म्हणून तुम्ही घरी आलात आणि रात्री साडेदहाला परत पित्त, वर छातीत घरघर. मग मोठ्या दवाखान्यात पळापळ. आता तुमचं विचारणं असं की पहिल्या वेळी काही राहून गेलं का, आणि साधं पित्त कुठलं नि जिवावरचं कुठलं हे घरच्यांनी ओळखायचं कसं.

मी डॉक्टर नाही, सिस्टर आहे. 21 वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, त्यातली निम्मी कॅज्युअल्टीत. त्या हिशोबानं वाचा.

हो, राहून गेलं. अ‍ॅड्रेनॅलिन राहिलं, म्हणजे बीपी वर आणणारं आणि घशाची सूज उतरवणारं इंजेक्शन. अ‍ॅविलनं खाज जाते, गांधी बसतात, पेशंट झोपाळतो आणि सगळ्यांना वाटतं उतरलं बुवा. पण उतरलेलं बीपी अ‍ॅविलनं वर येत नाही, घशाची सूज उतरत नाही. डेक्सोना काम सुरू करायलाच काही तास घेतं. भाऊ पहिल्या वेळी सावरला तो बराचसा नशिबानं असं मी म्हणेन, कोणाला घाबरवायला नाही.

आपल्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायचं, घोंगडी पांघरायची, आणि नुसतं पित्त असेल तर त्यानं काही बिघडतही नाही. बघायचं एवढंच की कातडीच्या जोडीला दुसरं काय होतंय. आवाज घोगरा झाला, घशात अडकल्यासारखं वाटतंय, जीभ जड, थुंकी गिळता येत नाही, खोकल्याची उबळ थांबत नाही, छातीत शिट्टी वाजते, चक्कर, किंवा माशी चावल्यावर पोटात कळा येऊन उलट्या. यातलं एक जरी असलं तर ते पित्त नाही, अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या अंगावर येणारी जिवावरची अ‍ॅलर्जी. उलटीला लोक उन्हाचा त्रास म्हणून सोडून देतात, तुमच्याकडे पण तेच झालं असणार. आणि एक गोची अशी की दहातल्या एक-दोन जणांना कातडीवर काहीच दिसत नाही, सरळ बीपी उतरतं. म्हणून गांधी नाहीत म्हणजे अ‍ॅलर्जी नाही असं धरून बसू नये. नुसती घाबरून आलेली घेरी वेगळी, त्यात माणूस पांढराफटक, गार, नाडी मंद, आडवं केलं की दोन मिनिटांत डोळे उघडतो, खाज वगैरे नसते. अ‍ॅनाफिलॅक्सिसला नाडी बहुतेक वेळा धावत असते.

एक प्रसंग सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे घोणस चावलेले बरेच येतात. असाच एक जण, चाळिशीचा, भात लावणीतून थेट आलेला, पायाला चिखल तसाच. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) कुप्या विरघळवत होते (जोरात हलवायच्या नसतात, फेस येतो, हातात गोल गोल फिरवत बसायचं), ड्रिप चालू केली आणि पाच मिनिटांत हा माणूस तळहात खाजवायला लागला. मग डोकं. मग दोन वेळा खोकला. कानाच्या पाळ्या लालबुंद. आणि बायकोला म्हणाला, मला घरी ने, माझं काही खरं नाही. हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की माझा हात आपोआप ट्रेकडे जातो, बीपीचा पट्टा नंतर. ड्रिप बंद, सुई शिरेतच ठेवली, अ‍ॅड्रेनॅलिनचा अँप्युल फोडला, अर्धा एमएल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, लेंग्यावरूनच. तेवढ्यात डॉक्टर आले. बीपी 70. पाय वर केले, ऑक्सिजन, सलाईन सोडलं पूर्ण धारेनं. पाच मिनिटांनी बघितलं तर फारसा फरक नाही, दुसरा अर्धा एमएल. त्यानंतर मात्र डोळ्यांसमोर माणूस परत आला, पाणी मागितलं. मग तीच एएसव्ही परत सावकाश चालू केली कारण घोणशीचं विष काय तसंच सोडून चालत नाही. अ‍ॅविल, हायड्रोकॉर्टिसोन पण दिलं, पण शेवटी.

तेवढ्यात त्याच्या भावानं त्याला लघवीसाठी उठवून बसवायला घेतलं होतं, मी ओरडले. हे मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवा. या रिअ‍ॅक्शनमध्ये रक्तवाहिन्या पाझरतात, दहा मिनिटांत आतला 35 टक्क्यांपर्यंत द्रव बाहेर जाऊ शकतो. अशा माणसाला झटकन उभं केलं की हृदयात परत यायला रक्तच उरत नाही आणि तो तिथंच जातो. आडवं ठेवायचं, पाय उंच. दम लागत असेल तर बसू द्या पण पाय लांब करून, उलटी होत असेल तर कुशीवर, पोटुशी बाई असेल तर डाव्या कुशीवर. खाली गाडीपर्यंत चालत आणलं असं तुम्ही लिहिलंय, ते नको होतं. झोळी करून आणायचं.

डोसाबद्दल, कारण इथं गावातले नवे डॉक्टर आणि सिस्टर लोकही वाचतात. 1 मिलिग्रॅमचा 1 एमएल अँप्युल, मोठ्या माणसाला अर्धा एमएल, लहान मुलांना किलोमागे 0.01 एमएल म्हणजे 20 किलोच्या पोराला 0.2. स्नायूत. कातडीखाली नाही, दंडात नाही. लहान मुलांवर मोजलेलं आहे, मांडीच्या स्नायूत दिलं की रक्तात पूर्ण चढायला सुमारे 8 मिनिटं, कातडीखाली दिलं तर 34. सुधारणा नसेल तर 5 मिनिटांनी परत. आणि अख्खा अँप्युल पातळ न करता शिरेत ढकलू नका, लोकांना अ‍ॅड्रेनॅलिनची जी भीती बसलीय ती बरीचशी या असल्या चुकीच्या वापरानं. हार्टचा पेशंट असला तरी अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये स्नायूतला डोस थांबवायचा नसतो. फक्त अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीपी-हार्टच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन नीट लागू पडत नाही, तेव्हा गोळ्यांची पाकिटं आणाच.

इंग्लंडमधल्या मृत्यूंचा एक जुना अभ्यास आहे, त्यात हृदय बंद पडेपर्यंतचा मधला वेळ इंजेक्शन-औषधांना 5 मिनिटं, माशीच्या डंखाला 15, खाण्याला 30. पंधरा मिनिटांत 108 गडाच्या पायथ्यापर्यंत पोचेल का तुम्हीच सांगा. म्हणून गावातल्या त्या छोट्या दवाखान्यात अँप्युल असणं आणि ते फोडायची हिंमत असणं यावरच सगळं आहे, महाग औषध पण नाहीये ते. (आणि टेस्ट डोस, म्हणजे आधी थोडंसं औषध टोचून बघणं, निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहणारेही खूप बघितलेत. एएसव्हीला तर टेस्ट डोस करूच नका असंच सांगितलेलं आहे.)

रात्रीचं जे झालं ती दुसरी लाट. सगळ्यांना येत नाही, पण आली तर बहुतेकदा काही तासांत, क्वचित तीन दिवसांपर्यंत. म्हणून कमीत कमी सहा तास आणि त्रास जास्त असेल तर बारा तास किंवा रात्रभर दवाखान्यात ठेवतात. डेक्सोनानं ही लाट थांबते असं पूर्वी आम्हीही मानायचो, तसा पुरावा काही मिळालेला नाही.

पुढचं म्हणजे पेनसारखं ते ऑटो-इंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाही, काही जण परदेशातून मागवतात. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा, ते भरलेली सिरिंज किंवा अँप्युल-सिरिंज जवळ ठेवायला सांगतील, घरातल्या दोघांना द्यायला शिकवतील. ती सिरिंज उजेडात, उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. सांगितलेल्या मुदतीत बदलायची. तोपर्यंत गड नको, आणि नंतरही अत्तर, धूर, आरडाओरडा यापासून लांब.

डंख किती होते ते लिहिलं नाहीत. पन्नासच्या वर असतील तर अ‍ॅलर्जी बाजूला, नुसत्या विषानं किडनीला त्रास होतो आणि तो दोन-तीन दिवसांनी दिसतो. आज तिसरा दिवस. लघवी काळ्या चहासारखी किंवा कमी होत असेल तर आजच रक्ताच्या दोन तपासण्या, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते कळायला), करून घ्या, आणि काय आलं ते इथं कळवा.