सोलापुरात फ्लॅटमध्ये कुंडीतलं लिंबू जगतं का?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी नर्सरीतून फळांनी लगडलेलं लिंबू आणलं, हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी रोज घातलं. आता फळं गळाली, कोवळी पानं पिवळी पडली, जुन्या पानांच्या कडा करपल्या. सोलापुरात घरात लिंबू येतच नाही का, असा तुमचा प्रश्न आहे.

येतं. होटगी रोडला आमच्या गॅलरीत तीन कुंड्या आहेत आणि त्यातलं थोरलं झाड नऊ वर्षांचं आहे. पण बाकी काहीही करण्याआधी ते आरओचं पाणी बंद करा, आजच. फिल्टर गोडं पाणी वेगळं काढतो तेव्हा मूळ पाण्यातले क्षार त्या उरलेल्या पाण्यात गोळा होतात. फरशी पुसायला ते ठीक आहे, लिंबाला नाही. फळझाडांमध्ये क्षार सगळ्यात कमी सोसणाऱ्या झाडांत लिंबू, संत्रं, मोसंबी ही मंडळी येतात. आपल्याकडे डाळिंब कसं वाढतं ते आपण सगळे बघतो, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा इथेच केगावला आहे. पण डाळिंब ज्या मचूळ पाण्यावर तग धरतं, त्यावर लिंबू कुढत कुढत वाळतं.

माझं पहिलं झाड याच पाण्याने गेलं. कुंडीच्या आतल्या काठाला पांढरी खपली धरली होती. मला वाटलं चुना उडाला असेल. चिमटीने काढून जिभेला लावली तर खारट. तोवर पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या आणि महिनाभरात झाड गेलं. मला तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर ते झाड वाचलं असतं, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

तुमचं झाड अजून जिवंत आहे का ते असं बघा. जाड फांदीची साल नखाने अगदी हलकी खरवडा. खाली हिरवा, ओलसर पापुद्रा दिसला तर झाड वाचेल. मग कुंडी मोरीत न्या आणि कुंडीत जेवढं मावेल त्याच्या दुपटीने नळाचं पाणी सावकाश, थांबत थांबत ओता. खालच्या भोकातून ते मोकळं वाहून जायला हवं, ताटलीत साचलेलं परत वर शोषलं जाता कामा नये. साठलेले क्षार असेच धुऊन निघतात. पुढे महिन्यातून एकदा हे करत राहा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपातलं पाणी मोजून वापरावं लागतं, हे मलाही चुकलेलं नाही. म्हणून एसीच्या नळीखाली बादली ठेवा. ते हवेतलीच वाफ थंड होऊन झालेलं पाणी असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत थोडंच मिळतं, जूननंतर बादली भरते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की कुंडी उघड्यावर ठेवा, त्यासारखी धुलाई दुसरी नाही. बोअरचं जड पाणी शक्यतो टाळा.

आता पिवळ्या पानांचं. कोवळं पान उजेडासमोर धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जाळी काढल्यासारखा दिसतो का? ऊसवाले, भुईमूगवाले याला केवडा पडला म्हणतात. ही लोहाची कमतरता. पण बहुतेक वेळा मातीत लोह असतंच, झाडाला ते घेता येत नाही, कारण माती चुनखडीची असते. नर्सरीवाले पिशवीत बऱ्याचदा आपली काळी मातीच भरतात, आणि तिच्यात चुनखडी असू शकते. एक चमचा कोरडी माती बशीत घ्या, वर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू आली तर त्या मातीत चुना भरपूर आहे. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फार उपयोग होत नाही, ते तिथेच अडकून बसतं. कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह) मागा, पुडीवरच्या प्रमाणात पाण्यातून द्या. ईडीटीए असं लिहिलेलं स्वस्त मिळतं, पण चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. आधी जुनी, मोठी पानं पिवळी पडत असतील तर मात्र ती नत्राची भूक आहे, तिथे शेणखत किंवा गांडूळखत हवं.

कुंडी बदलाल तेव्हा १४ ते १६ इंची घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, थोडी भरड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. पिशवीतला चिकणमातीचा गोळा पाण्यात भिजवून बोटांनी सैल करा, नाहीतर पाणी गोळ्याच्या कडेने निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या. सांध्याखालून फुटलेले लांब काट्यांचे पाणसोट (सरळसोट वाढणारे फुटवे) लगेच मोडा. पण हे सगळं आत्ता नको, झाड सावरून नवी पालवी फुटल्यावर करा.

हॉलचा कोपरा मात्र सोडावाच लागेल. लिंबाला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आपल्या डोळ्यांना हॉल उजेडाचा वाटतो, पण खिडकीपासून दोन हात आत गेलं की झाडाच्या दृष्टीने अंधारच. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. कोपऱ्यातून एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं भाजतील. पंधरा दिवस तासातासाने ऊन वाढवा.

एप्रिल-मेची गोष्ट वेगळी. पारा ४० च्या वर गेला की लिंबाची वाढ थांबते आणि कुंडीची बाजू तापून मुळं आतल्या आत शिजतात. आम्ही त्या दोन महिन्यांत गॅलरीला जुनी विरलेली सोलापुरी चादर बांधतो आणि कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळतो. एसीचं बाहेरचं युनिट ज्या बाजूला गरम हवा फेकतं तिथे कुंडी ठेवू नका, एका दुपारीत झाड होरपळतं. पाणी तेव्हा रोज सकाळी, थंडीत पाच-सहा दिवसांनी. खरी खूण बोटाची: दोन पेरं आत कोरडं लागलं तरच घाला.

दुसरं झाड घेणार असाल तर बियांचं रोप घेऊ नका, फळाला चार-पाच वर्षं लागतात. गुटी कलम (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) एक-दोन वर्षांत धरतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई शरबती चांगलं. घरात लहान मुलं असतील तर बिनबियांचं लिंबू घ्या, काटे कमी आणि खैऱ्या रोगही (पानांवर, फळांवर खरबरीत तपकिरी डाग) कमी. ऊन फारच थोडं असेल तर नर्सरीत चायना ऑरेंज म्हणतात ते बुटकं झाड, तेच काय ते निभावून नेतं. संत्रं-मोसंबी कुंडीत लावू नका असंच मी सांगेन.

कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसून टाकण्याआधी काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. चार अळ्या आठवड्यात लहान झाड बोडकं करतात. औषध नको, हाताने वेचा. मी त्या गेटजवळच्या कढीपत्त्यावर नेऊन सोडतो, तोही त्यांना चालतो.

आणि गॅलरीतल्या कुंडीचा एक मोठा फायदा आहे, जो शेतकऱ्याला मिळत नाही. उन्हाळ्यात लिंबू हवं तर हस्त बहार (पावसाळा सरताना येणारा फुलोरा) धरावा लागतो आणि त्यासाठी सप्टेंबरात झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं. नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस असतो, त्यामुळे शेतात ताण बसत नाही. तुमच्या कुंडीवर छप्पर आहे. झाड दोन-तीन वर्षांचं, धडधाकट झालं की सप्टेंबरात पाणी तोडा, पानं दुपारी मलूल होऊन सकाळी पुन्हा सावरेनाशी झाली की थांबा, खत घालून हळूहळू पाणी सुरू करा. ऑक्टोबरात फुलं येतील, गॅलरीचं दार उघडताच वास आत येईल. फुलापासून फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे बाजारात लिंबाचा भाव चढलेला असतो त्याच एप्रिलमध्ये तुमची लिंबं उतरतील. यंदा मात्र फुलं आलीच तरी खुडून टाका, झाडाला आधी अंग धरू द्या.