माया सोडा, इंजेक्शन सोडू नका

पत्र: मावशी, मी मंगळवार पेठेत ब्लाऊज शिवते. वय ४९, नऊ वर्षं शुगर आहे. गोळ्यांनी भागेना म्हणून सहा महिन्यांपूर्वी रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. त्याआधीच्या वर्षात वजन आपोआप ६६ वरून ५८ वर आलं होतं, आता परत ६४. भाचीच्या साखरपुड्यात जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "इन्सुलिन मानवलं की तुम्हाला!" तेव्हापासून आठवड्यातल्या तीन-चार रात्री मी इंजेक्शन घेत नाही. ह्यांना वाटतं, घेतलं. मागच्या खेपेला शुगर वाढलेली दिसली म्हणून डॉक्टरांनी चार युनिट वाढवून दिलीत. काय करू?

ताई, हे वाचून झालं की आधी डॉक्टरांना फोन लावा. आज रात्रीच्या इंजेक्शनच्या आत. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती त्या चार युनिटांची वाटली. डॉक्टरांना वाटतंय, रोज घेऊनही शुगर उतरत नाही, म्हणून त्यांनी डोस वाढवला. पण तुम्ही तर निम्म्या रात्री घेतच नव्हता. आता हा वाढलेला डोस रोज नेमानं घेतलात तर शुगर फार खाली जाऊ शकते. किती घ्यायचं ते त्यांनाच नव्यानं ठरवू द्या. चुकलेल्या रात्रीचं भरून काढायला दुप्पट तर कधीच घेऊ नका. रागावतील म्हणून लपवू नका. इंजेक्शन चुकवणारे पेशंट त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात.

आता वजनाचं. तुम्हाला कुणी नीट सांगितलेलंच दिसत नाही, याचं मला वाईट वाटलं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीवाटे सांडायला लागते. दिवसाला ५० ग्रॅम साखर अशी गेली तर २०० कॅलरी गेल्या, म्हणजे खाल्लेली एक भाकरी अंगी लागलीच नाही. ते आठ किलो तसे गेले. बायका "छान बारीक झालीस" म्हणत होत्या तेव्हा तुमचं अंग उपाशी होतं. इन्सुलिननं ती गळती थांबली, खाल्लेलं अंगी लागलं. शिवाय इन्सुलिन चरबी साठवायलाही मदत करतं, म्हणून जेवण तेच राहिलं तरी काटा वर जातो. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ साली आले. मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्यांपेक्षा इन्सुलिनवाल्यांचं वजन दहा वर्षांत सरासरी ४ किलो जास्त वाढलं. पण ज्यांची शुगर औषधांनी आटोक्यात ठेवली, त्यांचे डोळे-किडनीसारखे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले. तुमचं तर पोटच सुईत दोरा ओवण्यावर आहे, ताई. डोळे जपायलाच हवेत.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं, तेव्हा त्याचं वजन जेमतेम ३० किलो होतं. त्या औषधावर तो आणखी तेरा वर्षं जगला. जाऊबाई टोचून बोलल्या असतील, पण शब्द खरा आहे. मानवलंय तुम्हाला.

तरीही सहा किलो आपल्या अंगावर वागवायचे तुम्हालाच, हे मला कळतं. त्यातला काही भाग रात्रीच्या दुधाचा आहे. एकदा घाम फुटून शुगर ६२ झाली, ह्यांनी घाईनं चार पेढे भरवले, आणि तेव्हापासून भीतीनं रोज झोपताना पेलाभर म्हशीचं दूध साखर घालून पिता, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. त्या एका पेल्यात अडीचशेच्या वर कॅलरी असतात. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, तरी खाली असेल तर पुन्हा तेवढीच. पेढ्यातल्या खव्यानं साखर उशिरा चढते, म्हणून घाबऱ्याघुबऱ्या जास्त खाल्लं जातं. रोजचं दूध बंद करायचं तेही फोनवर विचारूनच, कारण डोस त्याच्याशी बांधलेला असू शकतो. सोबतच्या गोळ्यांत वजन वाढू न देणाऱ्या गोळ्या बसतात का, तेही विचारा. पायावर सूज किंवा धाप असेल तर मात्र फोनवर भागवू नका, त्याच दिवशी दाखवा.

दिवसभर मशीनवर बसणं होतं, तेव्हा जेवणानंतर वीस मिनिटं चाला. रंकाळ्यापर्यंत जाणं नाहीच जमलं तर गल्लीत चाला. भात ताटात एकदाच घ्या.

ह्यांना आजच सांगा. मध्यरात्री उठून पेढे भरवणारा माणूस हे ऐकून घेईल. रात्री इंजेक्शन घेताना त्यांना शेजारी बसवा.

आणि साखरपुड्यातला तो ब्लाऊज घट्ट होतो म्हणून कपाटात टाकलाय ना? तुमच्याच हातचा आहे, शिलाईत दोन बोटं माया ठेवली असेलच. उसवा, आणि लग्नाला तोच घालून जा.

— मावशी