सुपरडॉगसारखं जुनं, एकाच घराण्याचं हॉट डॉगचं दुकान मुद्दाम वाट वाकडी करून बघण्यासारखं आहे का?

तुम्ही विचारलंय की शिकागोत थोडेच दिवस आहात, सुपरडॉगचं नाव ऐकलंय, तर तिथे मुद्दाम जावं की कुठल्याही कोपऱ्यावरचा हॉट डॉग खाऊन भागेल. जा. एवढंच लिहून थांबले असते, पण खाली तुम्ही पुस्ती जोडलीय: "इतकं चांगलं असतं तर आत्तापर्यंत शंभर शाखा झाल्या नसत्या का?" हेच वाक्य आमच्या दादाच्या तोंडून मी त्याच दुकानाच्या आवारात, आमच्याच गाडीच्या पुढच्या सीटवरून ऐकलेलं आहे. त्यामुळे आता सगळं ऐका.

कोल्हापुरात आमच्या वडिलांचं मिसळीचं दुकान. कांदा-लसूण मसाला आई घरी कुटून घ्यायची, कट पहाटे शिजायचा आणि संपला की दुकान बंद. दारात कितीही मोठा माणूस उभा राहिला तरी वडील "उद्या या" म्हणायचे. ते गेल्यावर दादाने शाखा काढल्या. आता कट एका जागी शिजतो आणि टेम्पोतून सगळीकडे जातो. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे बरं नाही. "तू अमेरिकेत बसून अक्कल शिकवू नकोस," हे त्याचं उत्तर. वाद तिथेच अडकून पडलाय.

मग दादा आणि वहिनी आमच्याकडे शिकागोला आले. आल्या-आल्या डेव्हन अॅव्हेन्यूला किराणा आणायला गेलो. पटेल ब्रदर्स बघून दादा खूश. त्यांनी १९७४ मध्ये याच रस्त्यावर एक दुकान टाकलं, आज देशभर पन्नासच्या वर आहेत आणि धंदा अजून घरातच आहे, हे त्याला आधीच माहीत होतं. "बघ! याला म्हणतात वाढवणं." मी काही बोलले नाही. गाडी त्याच डेव्हनवरून सरळ पश्चिमेला काढली. काही मैलांवर, जिथे मिलवॉकी अॅव्हेन्यू आडवा येतो, तिथे सुपरडॉग आहे.

छपरावर बारा फुटी दोन हॉट डॉग उभे. एक बिबट्याचं कातडं नेसून दंड फुगवतोय, दुसरी त्याच्याकडे बघतेय, आणि रात्री दोघांचे डोळे मिचमिचतात. वहिनी खळखळून हसल्या. दादा म्हणाला, "जाहिरातीवर खर्च केलाय." त्याला सांगितलं की ती जाहिरात नाही, मालक-मालकीण आहेत. मॉरी आणि फ्लॉरी बर्मन. मॉरी दुसऱ्या महायुद्धातून परतून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत होता, फ्लॉरी शाळेत शिकवायची. १९४८ मध्ये ट्रामचा शेवटचा थांबा आणि पोहण्याचा तलाव जवळ बघून त्यांनी हे टाकलं, तेही उन्हाळ्यापुरतं, शिक्षणाला हातभार म्हणून. मॉरी २०१५ मध्ये गेला, फ्लॉरी २०१८ मध्ये. आता पुढच्या पिढ्या बघतात.

तिथे गाडीतून उतरायचं नसतं. जागेवरच्या स्पीकरवर ऑर्डर सांगायची, मग कुणीतरी ट्रे घेऊन येतं आणि तुमच्या खिडकीला अडकवतं. खोक्यात हॉट डॉग नागमोडी कापलेल्या फ्राइजमध्ये लोळत असतो. सोबत मोहरीचं पिवळं मस्टर्ड, हिरवं आंबटगोड रेलिश, कांदा, काकडीचं लोणचं, एक तिखट मिरची. शिकागोत इतरत्र लाल टोमॅटोच्या फोडी असतात, इथे लोणच्यातला हिरवा टोमॅटो. दादा बीफ खात नाही, त्याने चिकन घेतलं. मी खाते. त्यावरून मात्र आमचा वाद नाही, नवल आहे. पण तो हिरवा टोमॅटो त्याने माझ्या खोक्यातून उचलला, मग आमच्या ह्यांच्या खोक्यातून, आणि दुसऱ्यांदा चावल्यावर "लोणचं जमलंय" म्हणाला. आमच्या दादाकडून एवढं येणं म्हणजे पद्मश्री.

पण तोंड रिकामं झाल्याबरोबर गणित सुरू. गाड्या किती, एका गाडीमागे किती डॉलर, जागा केवढी अडवलीय, पोरं किती ठेवलीत. आणि मग तुमचं ते वाक्य: "इतकं चालतंय तर शंभर शाखा का नाहीत?" मी म्हटलं, दुसरा ड्राइव्ह-इन आहे, व्हीलिंग या उपनगरात, २०१० मध्ये काढला. "म्हणजे बासष्ट वर्षं झोपले होते?" झोपले नव्हते, दुकानात उभे होते, मी म्हटलं. आवाज चढला असणार, कारण शेजारच्या गाडीतलं पोरगं वळून बघायला लागलं. "आमची कोठेही शाखा नाही" अशी पाटी लावणाऱ्यांना आपण हसतो. मला त्या पाटीत कधीच माज दिसला नाही. मालकाने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे ती: मी जेवढ्याची चव घेऊ शकतो, तेवढंच विकतो.

मागच्या सीटवर वहिनी मिल्कशेक पीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अहो, आपल्याच दुकानातली मिसळ तुम्ही शेवटची कधी खाल्लीत?"

दादा म्हणाला, "फ्राइज गार होतायत."

म्हणून तुमच्या प्रश्नातलं 'एकाच घराण्याचं' हे शब्द मला निम्मेच पटतात. घराणं टिकलं म्हणजे चव टिकते हे साफ खोटं आहे. आमचं दुकानही कागदावर आमच्याच घराण्याचं आहे. आणि पटेलांचं उदाहरण दादाच्या बाजूने जातं तेवढं जातंच, पण डाळ-तांदूळ विकणं वेगळं आणि शिजवून वाढणं वेगळं. डाळ पन्नास ठिकाणी तीच राहते. कट राहत नाही. दादा, हे वाचत असशील तर मसाला तरी परत घरी कुटायला लाव.

आता तुमच्या कामाचं. हॉट डॉग तिथे निव्वळ बीफचा असतो, आणि अमेरिकेत बीफ म्हणजे गायीचंच. या शहराला ही सवय ज्यू खाटकांनी लावली, ते डुक्कर वापरत नसत. शिकागोभर सॉसेज पुरवणारी व्हिएन्ना बीफ कंपनी १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातल्या विक्रीतून उभी राहिली. विवेकानंदांचं भाषण झालं ती सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. हे मी दादाला सांगितलं नाही. शाकाहारी असाल तर फ्राइज आणि मिल्कशेक यापलीकडे फार आशा ठेवू नका, आणि फ्राइज कशात तळतात ते विचारून घ्या. गाडी नसेल तर अर्धी मजा गेली. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर गाडीत मांडीवर खोकं घेऊन खावं लागेल हे आधी सांगा, नाहीतर "बसायला टेबल नाही का?" ऐकावं लागेल.

आणि नुसती चवच हवी असेल, छपरावरच्या बाहुल्या नकोत, तर माझं मत रिव्हर ग्रोव्ह या उपनगरातल्या जीन अँड ज्यूड्स या हॉट डॉगच्या दुकानाला. तेही जुनंच, १९४६ पासूनचं. तिथे मस्टर्ड, रेलिश, कांदा, मिरची आणि वरून फ्राइजचा ढीग, बस्स. खुर्ची नाही. केचप तर नाहीच, मागितलंत तरी मिळणार नाही. सुपरडॉगला दादाने फ्राइजवर टोमॅटो सॉस मागितला तेव्हा त्यांनी मुकाट्याने दिला होता. जीन अँड ज्यूड्सला त्याला नेण्याची माझी अजून हिंमत झालेली नाही.