दुखतंय तिथे हात ठेवताना

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री झोपेतून उठतो आणि पाय दुखतात म्हणून रडतो. नडग्या, पोटऱ्या, कधी गुडघ्याच्या मागे. मी जोर लावून चेपते, तरी तो रडतच राहतो. सकाळी मात्र काही झालंच नाही असा पळतो, म्हणून घरातले म्हणतात की तो नाटक करतो. डॉक्टरांनी तपासून हे 'वाढीचं दुखणं' आहे असं सांगितलं. हातांनी नेमकं काय करू?

उत्तर : आधी घरातल्यांना सांगा की तो नाटक करत नाही. झोपेतून उठून आठ वर्षांचं मूल रडतं तेव्हा त्याला खरोखर दुखत असतं. 'वाढीचं दुखणं' हे नाव मात्र फसवं आहे. उंची झपाट्याने वाढते त्या काळाशी या दुखण्याचा मेळ बसत नाही, आणि त्याचं नेमकं कारणही अजून ठरलेलं नाही. साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास होतो. त्याच्या खुणा तुम्ही स्वतःच लिहिल्या आहेत : संध्याकाळी किंवा रात्री दुखतं आणि सकाळी काहीच नसतं. बहुतेकदा दोन्ही पाय दुखतात.

आता हातांचं. जोर सोडून द्या. डोळा मिटून पापणीवर बोट ठेवलं तर जेवढा दाब सुखाचा वाटेल, तेवढाच दाब पोटरीवर द्यायचा. पहिल्या दिवशी तुम्हाला वाटेल की आपण काहीच करत नाही. तसं वाटलं तर दाब बरोबर आहे असं समजा.

तळहात एकमेकांवर घासून ऊबदार करा. मुलाला पाठीवर झोपवून गुडघ्यांखाली उशी द्या. आधी दोन्ही हात मांडीवर नुसते ठेवा, हलवू नका. त्याचे दोन-चार श्वास होऊ द्या. मग पूर्ण तळहात टेकवून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हळू उतरत जा. या एका फेरीला दहा सेकंद लागायला हवेत, मनात मोजा. याला कारण आहे. आपल्या केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की ते सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाच्या, मऊ, ऊबदार स्पर्शाला सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. तुमचा हात घाईत फिरला तर ते तंतू तेवढा प्रतिसाद देत नाहीत.

अशा चार-पाच फेऱ्यांनंतर पोटरीचा मांसल भाग तळहातात नुसता धरा. चिमटायचा नाही, पिळायचा नाही. खालच्या स्नायूवरची त्वचा अगदी थोडी सरकवा, तिथेच थांबा, सोडा. एकदा या पायाला, एकदा त्या. सगळं मिळून दहा मिनिटं पुरे. हे रडू फुटल्यावरच करायचं असं नाही. ज्या दिवशी तो खूप खेळला असेल, त्या रात्री झोपायच्या आधीच करा.

त्याच्या पायाच्या बोटांकडे लक्ष ठेवा. बोटं सैल पडली, श्वास खोल झाला, जांभई आली, तर हात बरोबर चाललाय. बोटं आत वळली, श्वास रोखला गेला किंवा तो गुदगुल्या झाल्यासारखा हसायला लागला, तर दाब किंवा जागा बदला. आणि अधूनमधून विचारा, 'अजून हवं?'

हे विचारायला मला एका मुलीने शिकवलं. या कामाला लागून मला आता २६ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी नऊ वर्षांच्या एका मुलीच्या खांद्यावर मी उपचार करत होते. ती दोनदा 'नको' म्हणाली. मी 'थोडंच राहिलंय' म्हणत पुढे गेले. पुढच्या वेळी ती दारातच उभी राहिली, आत येईना. त्यानंतर आठवडाभर मी तिला हातच लावला नाही. तिच्या शेजारी बसून तिच्या बाहुलीच्या खांद्यावर हात ठेवून दाखवायचे. आठव्या दिवशी तिने स्वतः माझा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. तेव्हापासून मूल 'नको' म्हणालं की माझा हात उचलला जातो, कारण विचारायलाही मी थांबत नाही. तुम्हीही तसंच करा. आपला 'नको' ऐकला जातो हे कळलं की मूल अंग सैल सोडतं.

डॉक्टरांनी तपासलंय हे उत्तम. तरी नेहमी एकच पाय दुखायला लागला, सांधा सुजला किंवा लाल झाला, मूल लंगडायला लागलं, ताप येऊ लागला, वजन उतरलं किंवा दुखणं सकाळीही राहिलं, तर पुन्हा दाखवा. तेव्हा हाताच्या उपचारावर दिवस घालवू नका.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे, दिवसभर संगणकासमोर बसतो. मान आणि खांदे सतत आखडलेले असतात. एकाकडे जोरदार मसाज घेतला तर दोन दिवस काळे-निळे डाग राहिले. मग कुणीतरी बोवेन थेरपी सुचवली. तिथे त्यांनी अंगठ्याने पाठीवर काही ठिकाणी हलकेच सरकवल्यासारखं केलं आणि चक्क खोलीबाहेर निघून गेले! असं चार वेळा. बरं वाटलं हे खरं, पण मनात येतं की मी फसलो तर नाही?

उत्तर : बाहेर जाणं हा त्या पद्धतीचाच भाग आहे. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात टॉम बोवेन (१९१६ ते १९८२) यांनी ही पद्धत रुजवली. स्नायूवर किंवा कंडरेवर हलकी हालचाल करायची आणि मग शरीराला एकटं सोडून दोन-एक मिनिटं थांबायचं. तुम्हाला कुणी टाळत नव्हतं.

आता पुराव्याबद्दल सरळ सांगते. बोवेनवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत, त्यावरून ही पद्धत सिद्ध झाली असं म्हणता येणार नाही. ती कुठलाही आजार बरा करते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण हलक्या स्पर्शाने दुखणं कमी जाणवतं, त्याचं स्पष्टीकरण आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचा निरोप मज्जारज्जूतल्या एका 'दारातून' मेंदूकडे जातो आणि स्पर्शाचे निरोप ते दार काहीसं लोटून घेऊ शकतात. ठेच लागली की आपण नकळत तिथे हात ठेवतो, ते याचसाठी. त्या सिद्धान्तातल्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, मूळ कल्पना टिकून आहे.

डाग पडेपर्यंत दाबणं हा मात्र उपचार नव्हे. डाग म्हणजे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या. आधीच स्वतःला सांभाळत आखडलेल्या स्नायूवर जोर आला की तो आणखी घट्ट होतो. माझ्याकडे येणारी निम्मी मोठी माणसं 'अजून जोरात दाबा, मला सहन होतं' म्हणतात. सहन करताना ती दात आवळतात, आणि माझ्या बोटांखाली मान तेवढीच कडक होते. मग मी दाब निम्मा करते आणि डोक्याच्या मागे, कवटी जिथे संपते तिथल्या लहान स्नायूंखाली बोटं नुसती टेकवून तीन-चार मिनिटं थांबते. डोक्याचं वजन हळूहळू माझ्या बोटांवर येऊ लागतं, ते मला स्पष्ट कळतं.

घ्यायची असेल तर तीन-चार सत्रं घ्या. आराम दोन दिवसही टिकत नसेल तर तिथेच थांबा. आणि दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठाच, कारण आठ तासांच्या बसण्याला कुणाच्याही हातांचा एक तास पुरत नाही. हाताला मुंग्या येत असतील, पकड कमी झाली असेल किंवा चालताना तोल जात असेल तर कुठलाही मसाज न घेता आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमची मुलगी दोन महिन्यांची आहे. संध्याकाळी दोन-दोन तास रडते. कवटीची हाडं हळुवार जुळवून आणि मान मोकळी करून रडणं थांबवता येतं, असं एका उपचारकाने सांगितलं. करावं का?

उत्तर : नाही. तान्ह्या बाळाची मान कुणालाही मोडू किंवा फिरवू देऊ नका. कवटीची हाडं जुळवल्याने रडणं थांबतं याला भरवशाचा पुरावा नाही. बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं ओसरतं. तिला उघड्या छातीशी धरा, वर पांघरूण घ्या, पाठीवर तळहात ठेवून मंद डोला. ताप ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त असेल, ती दूध घेत नसेल, हिरवी उलटी झाली किंवा रडण्याचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि तुम्हीच थकून कोसळायला आलात तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर निजवून पाच मिनिटं बाजूला जा. त्यात काही गैर नाही.

प्रश्न : वडील ऑपरेशननंतर बरेच दिवस अंथरुणावर होते. आता त्यांची एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते, दुखते. हलका मसाज चालेल?

उत्तर : हलकासुद्धा नको. आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हे वाचताय त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवा. गाठ नाही असं तपासणीत निघालं तर मला पुन्हा लिहा, मग पायाला कसा हात लावायचा ते सांगते.