आजीचं माहेरचं नाव

प्रिय पोरी,

आजीच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेसाठी तू पाठवलेली दोन पानं वाचली. अक्षर अजून तसंच, ओळ सोडून वर चढणारं. ‘त्यागमूर्ती’, ‘मायेचा सागर’ हे शब्द मी पेन्सिलीनं खोडले, रागावू नको. तुझ्या आजीला मी चाळीस वर्षं ओळखत होतो. शाळेच्या आवारात शिरलेली तिची बकरी हाकलली म्हणून सगळ्या वर्गासमोर तिनं मला सुनावलं होतं. ती बाई या पानांवर कुठंच सापडली नाही.

मीही हेच करून बसलो आहे. माय गेली तेव्हा तेरवीला पानभर वाचून दाखवलं, लोकांनी डोळे पुसले. मायसोबत जन्मभर कापूस वेचलेली एक म्हातारी मागून म्हणाली, “हे कोनाची माय होय गा? तुही माय कापसाच्या वजनकाट्यापाशी उभी रायली का मालकाले घाम फुटे. ते काऊन नाही लिवलं?” मला ते ठाऊकच नव्हतं. माय वावरात असायची, मी शाळेत. आणि आता विचारू कोणाला?

म्हणून ‘कष्ट’ हा शब्द लिहिण्याआधी आजीचे हात आठव. कमरेला ओटी बांधून ती कापसाच्या तासात शिरली की दोन्ही हात एकदम चालायचे. वाळल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला घुसायचं, आणि संध्याकाळी त्याच बोटांनी झुणक्यात तिखट टाकताना ती दातांतून ‘स्स’ करायची. हे तूच मला सहावीत असताना निबंधात लिहिलं होतंस. आता मोठी झालीस, तर तेच कसं गळालं?

साय नातवाच्या वाटीत आणि तुझ्या वाटीत नुसतं दूध, हेही तूच सांगितलं होतंस. तेही येऊ दे. घरचे नाक मुरडतील, मुरडू देत.

दुसरं म्हणजे, पानांवर आजीचं एकच नाव आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं. त्याआधी सोळा-सतरा वर्षं तिला काय म्हणून हाक मारत होते? सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव लावायला सुरुवात केली, चांगलं झालं. तिच्या पिढीत बाईचं स्वतःचं नावसुद्धा माहेरीच राहायचं.

तिची धाकटी बहीण कारंज्याला आहे ना? तिच्याकडे जा. फोनवर नको, जाऊन दोन दिवस राहा. साल विचारू नकोस, जुनी माणसं सालात गोंधळतात. वरात शकुंतला नावाच्या त्या छोट्या रेल्वेनं आली की दमणीनं, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीनं, ते विचार. तुझा बाप १९७२ च्या दुष्काळात पोटात होता की मांडीवर, ते विचार. सगळा कापूस सरकारलाच विकायचा, ही एकाधिकार खरेदीही त्याच साली सुरू झाली, तेव्हा घरात काय बोलणं चालायचं तेही निघेल. म्हातारी गप्पच बसली तर पोरींच्या भुलाबाईच्या सणाचं एखादं गाणं म्हणायला लाव. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत या दोघी बहिणी घरोघर गात फिरल्या असतील. गाणं सुरू झालं की कोणाच्या घरी काय खिरापत होती इथपासून सगळं बाहेर येतं, माझा अनुभव आहे. मध्ये बोलू नकोस. आणि ती रडली तर लगेच पाण्याचा पेला पुढं करून तिला थांबवू नकोस.

हो, तुझ्या फोनात आजीच्या आवाजातले निरोप आहेत म्हणतेस. ते आजच दुसरीकडे उतरवून ठेव. मागच्या पावसाळ्यात माझा फोन विहिरीत पडला, त्यात काय काय गेलं ते विचारू नकोस.

छापखान्यात मी बोललो आहे. पहिलं पान तेवढं कोरं ठेवायला सांगितलं. आजोबांचं नाव, आडनाव, सगळं जुळवून झालंय. कारंज्याहून नाव कळलं की रात्री कितीही वाजले असू देत, फोन कर. मी जागाच असतो.

तुझे,
गुरुजी