मागचे सोडून देण्याआधी

प्रश्न : मी 63 वर्षांची असून नाशिकला इंदिरानगरात राहते. मी नऊ वर्षांची असताना वडील गेले आणि आईने मला पंचवटीतल्या मावशीकडे ठेवून धाकट्या भावासह निफाडची एसटी धरली. निघण्यापूर्वी माझ्या फ्रॉकची उसवलेली शिवण तिने घाईघाईने घालून दिली होती. मला न्यायला ती पुन्हा आली नाही. मावशीने काही कमी पडू दिले नाही. मात्र सासरी आणि मुलांपुढे ‘शिक्षणासाठी मावशीकडे होते’ एवढेच मी सांगत आले. आता आईही नाही. ज्ञानेश्वरीचे पारायण करते, सत्संगाला जाते. ‘मागचे सारे रामकुंडात सोडून द्या,’ असे तेथे सांगतात. सोडले असे म्हणते खरी, पण पोथी उघडली की ती एसटी डोळ्यांपुढे येते. मला काहीतरी सलते आहे एवढे मुलीला कळते. ती म्हणते, लिहून काढ. ज्या वयात ‘मी’ सोडायचा त्या वयात स्वतःची कहाणी लिहिणे म्हणजे अहंकाराला खतपाणी घालणे नव्हे काय?

उत्तर : ताई, सत्संगातील मंडळींचा हेतू चांगला आहे, पण त्यांचा सल्ला अर्धाच आहे. रामकुंडावर अस्थी घेऊन गेलेल्या माणसाला तीर्थपुरोहित आधी नाव, गोत्र, मूळ गाव विचारतात. घराण्याच्या नामावळीची जुनी वही निघते, तीत नवी नोंद होते. निनावी असे तेथे काही सोडले जात नाही. आपण जे सोडू पाहता आहात त्याचे मात्र आपण अजून नावच घेतलेले नाही. त्याच्या जागी ‘शिक्षणासाठी’ हे कारण ठेवून 54 वर्षे काढलीत.

अहंकाराची आपली शंका रास्त आहे, पण स्वतःविषयी बोलणे म्हणजे अहंकार, असे आपल्या संतांनी मानलेले दिसत नाही. व्यापार बुडाला, मानहानी झाली, दुष्काळात एक पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेली, हे तुकोबांनी एका अभंगात सरळ सांगितले आहे, आणि तेही हे बोलू नये खरे, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, असा संकोच व्यक्त करून. त्यांच्या शिष्या बहिणाबाई शिऊरकर यांनी तर पतीने केलेली मारहाण, कीर्तनालाही मागोमाग येणारे लाडके वासरू, त्या वासराचा मृत्यू, असे सारे आपल्या अभंगांत ठेवले. पतिसेवेविषयी त्यांनी काढलेला निष्कर्ष आज मला पटत नाही. मार लपवून नुसती भक्ती तेवढी सांगितली नाही, हे मात्र फार मोलाचे वाटते. सोयीचा भाग तेवढा सांगत राहिलो, तर अहंकार उलट अधिक सुखाने नांदतो.

आपल्या नाशिकचेच उदाहरण घ्यायचे तर जलालपूरला 1868 साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे घ्यावे लागेल. पतीने 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्यावर आकाश कोसळले, काही वर्षे ताटातूट झाली, आणि पुढे त्यांनी स्वतःही तो धर्म स्वीकारला. उतारवयात आत्मचरित्र लिहिताना त्यांनी पतीचा तापट स्वभाव, वडिलांचे विलक्षण सोवळे आणि स्वतःचे भाबडेपण यांतले काहीच वगळले नाही, आणि तरीही त्यात कोणाविषयी कडवटपणा उरलेला नाही. (नाशिककरांनी ते पुस्तक केवळ विनोदासाठी वाचू नये, असे माझे जुने गाऱ्हाणे आहे.)

आपल्या पत्रातही असेच काही आहे. आईविषयी तक्रारीची चार वाक्ये असताना मध्येच त्या शिवणीचे एक वाक्य आले आहे. मुलीला कायमची सोडून निघालेल्या बाईने सुईदोरा का शोधला असेल, याचे उत्तर मी देऊ शकत नाही. कदाचित आपणही देऊ शकणार नाही. पण दुःख उगाळताना असले तपशील गळून पडतात, आणि पूर्ण गोष्ट सांगताना ते आपोआप जागेवर येतात. म्हणून लिहिताना आईला दोषी ठरवू नका, तिची वकिलीही करू नका. त्या वेळी तिचे वय किती होते, घरात कमावते कोण होते, मावशीच्या घरात आपल्या येण्याने कोणाला काय सोसावे लागले, हेही लिहा. आपण स्वतः भावाशी नंतर कसे वागलात, हे विसरू नका. राग आला तर तो आला तसा कागदावर येऊ द्या. क्षमा करण्याची घाई नको, कारण ठरवून केलेली क्षमा बहुधा दुसऱ्या नावाने तेच झाकणे असते.

पारायण मुळीच थांबवू नका. एसटी दिसली म्हणून स्वतःला दोष देऊन ओवी पुन्हा पहिल्यापासून वाचण्याचेही कारण नाही. ज्याच्यापुढे बसलात त्याच्यापासून ती थोडीच लपलेली आहे! लिहिलेले सत्संगात मात्र वाचू नका. तेथे प्रत्येकाकडे तयार उपदेश असतो आणि आपल्याला तूर्त ऐकणारा माणूस हवा आहे. तो माणूस आपली मुलगी असू शकेल. पहिल्यांदा तिला ‘शिक्षणासाठी’ हे खरे कारण नव्हते, एवढेच सांगितले तरी चालेल. लिहिताना झोप उडू लागली किंवा दिवसभर जीव घाबरा होऊ लागला, तर लेखन बाजूला ठेवून एखाद्या समुपदेशकाला भेटावे, आणि त्यात आपली साधना कोठे कमी पडली असे समजू नये.