वाचकांचे प्रश्न : सकाळी ओरडणारा पट्टा

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीला 14 महिने झाले असून ती 11,000 किलोमीटर चालली आहे. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर बॉनेटखालून अर्धा-पाऊण मिनिट किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि एसी लावला की तो वाढतो. पहिल्या खेपेला अधिकृत सर्व्हिस सेंटरने ‘दमट हवेमुळे होते, नॉर्मल आहे’ असे सांगून पट्ट्यावर काहीतरी फवारले. चार दिवस शांततेत गेले आणि आवाज पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या खेपेला ‘पट्टा बदलावा लागेल, पण तो वॉरंटीत बसत नाही’ असे उत्तर मिळाले. पैसे भरून बदलून घ्यावा का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : एवढ्यात बदलू नये. आवाज पट्ट्यातून येत असला, तरी त्याचे कारण पट्ट्यातच असेल असे नाही, आणि आपल्या बाबतीत ते तिथे असण्याची शक्यता मला कमीच वाटते.

मेकॅनिक ज्याला अजूनही ‘फॅन बेल्ट’ म्हणतात (बहुतेक गाड्यांत पंखा केव्हाच विजेवर गेला, नाव तेवढे मागे राहिले), तो पट्टा क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून अल्टरनेटर (बॅटरी भरणारे जनित्र), एसीचा कंप्रेसर आणि अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही फिरवतो. तो ओरडतो तेव्हा बहुधा पुलीवर घसरत असतो किंवा पुलीच्या खाचांत तिरका शिरत असतो. घसरण्यामागे ढिला पडलेला टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग), जड फिरणारी एखादी पुली किंवा पट्ट्यावर गळणारे तेल अथवा कूलंट असू शकते. तिरकेपणामागे एखादी पुली रेषेत नसणे हे कारण असते, आणि तेवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. आजचे पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. ते जुन्या पट्ट्यांसारखे लवकर भेगाळत नाहीत, खाचांतून हळूहळू झिजतात आणि पुष्कळदा 80,000 किलोमीटरच्या पुढेही टिकतात. 11,000 किलोमीटरला पट्टा खरोखरच गुळगुळीत झाला असेल, तर त्याला कोणी झिजवले हे आधी शोधायला हवे; नाहीतर नवा पट्टाही त्याच वाटेने जाईल आणि तोवर वॉरंटीची मुदत संपून गेलेली असेल.

आवाजाची जात ओळखली की अर्धे काम होते. इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होणारी तुटक चिवचिव असेल, तर संशय पुलीच्या तिरकेपणावर किंवा खाचांत अडकलेल्या खड्यामातीवर जातो. सलग किंचाळी असेल आणि भार वाढताच ती चढत असेल, तर पट्टा घसरतो आहे असे समजावे. पट्टा काढल्यावर एखादी पुली हाताने फिरवताना खरखर लागली, तर ते बेअरिंगचे दुखणे आहे. आपला आवाज सलग आहे, एसीने वाढतो आणि सकाळीच येतो. बॅटरी रात्रभर थंड झालेली असते, सुरू करताना तिची शक्ती खर्ची पडते आणि ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर पहिल्या मिनिटभरात नेहमीपेक्षा जास्त भार येतो. त्यामुळे माझा पहिला संशय टेन्शनरवर आणि दुसरा अल्टरनेटर किंवा कंप्रेसरच्या पुलीवर आहे. पावसात भिजलेली गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद चिरचिरली, तर मीही दुर्लक्ष करीन. पाऊस संपल्यावरही अर्धा मिनिट टिकणाऱ्या आवाजाला मात्र ‘नॉर्मल’ म्हणता येणार नाही.

याची एक साधी चाचणी आहे. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारतात. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुली रेषेत नाही. आवाज उलट वाढला, तर ताण कमी आहे. ती तंत्रज्ञाने आपल्यासमोर करावी, आपण स्वतः करू नये, कारण फिरत्या पट्ट्याजवळ बाही किंवा ओढणी गेली तर सावरायला वेळ मिळत नाही आणि विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. शिवाय पट्ट्यावर आधी फवारलेला पदार्थ या चाचणीचा निकाल बिघडवू शकतो. असे चिकट फवारे पट्टा तात्पुरता धरून ठेवतात, मग त्यावर धूळ बसते आणि आवाज अधिक मोठा होऊन परततो. दोष त्या चार दिवसांपुरता झाकला गेला, इतकाच त्याचा उपयोग.

आता सर्व्हिस सेंटरविषयी. आपण गाडी चालवत तिथे पोहोचता तोवर इंजिन तापलेले असते, आवाज गेलेला असतो आणि जॉब कार्डावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी तिथे ठेवावी आणि सकाळी पहिल्यांदा सुरू होताना स्वतः हजर राहावे. घरीही एकाच सलग चित्रणात आधी डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि मग उघड्या बॉनेटमधला आवाज मोबाइलवर टिपून ठेवावा. जॉब कार्डावर तक्रार ‘बेल्ट नॉइज’ अशी दोन शब्दांत न लिहिता थंड इंजिन, एसी, कालावधी आणि आधी काय फवारले होते, हे सगळे लिहून घ्यावे.

पट्टा, वायपर, ब्रेक पॅड अशा झिजणाऱ्या वस्तू वॉरंटीतून वगळलेल्या असतात, हे बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत खरे आहे; आपल्या पुस्तिकेतील ते पान वाचून घ्यावे. टेन्शनर, अल्टरनेटर आणि कंप्रेसर मात्र सहसा त्या यादीत नसतात. त्यामुळे दोष त्यांच्यात निघाला, तर ते भाग वॉरंटीत बदलून मिळावेतच, आणि त्यांच्यामुळे खराब झालेल्या पट्ट्याचा खर्चही मागावा. पट्टाच दोषी असल्याचे सेंटरचे म्हणणे असेल, तर ताण आणि पुल्यांची रेषा तपासली का, हे लेखी मागावे. टाळाटाळ झाल्यास कंपनीच्या ग्राहक विभागाला चॅसिस क्रमांकासह ईमेल करावा, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, त्यामुळे कंपनीच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

दरम्यान गाडी वापरायला हरकत नाही. फक्त डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा तापमान चढू लागले, तर तिथेच थांबून इंजिन बंद करावे. पट्टा उतरला असण्याची शक्यता असते.

प्रश्न : असाच आवाज बाहेरच्या मेकॅनिकला दाखवला, तर वॉरंटी जाते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नुसते दाखवल्याने जाण्याचे कारण नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 कार उत्पादकांविरुद्धच्या आदेशात म्हटले होते की, बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिले झाली आणि वाद लांबला, म्हणून तो हाती घेऊन भांडायला जावे असे मी सुचवणार नाही. बाहेरच्या मेकॅनिककडून फक्त निदान करून घ्यावे आणि पान्याला हात मात्र अधिकृत सेंटरनेच लावावा.